जुन्या फ्लॉपीतला डेटा काढायचाय? डिस्कवर फायली कशा मांडलेल्या असतात आणि त्या परत कशा मिळवायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात अजूनही कित्येक घरांत, महालातल्या जुन्या प्रेसमधे, इतवारीतल्या पेढीच्या कपाटात फ्लॉप्यांचे डबे पडून आहेत. कोणाचा पीएचडीचा प्रबंध, कोणाच्या वडलांच्या कविता, कापसाच्या दलालीचे हिशेब, सोसायटीचं सभासद रजिस्टर. लोकं समजतात की "रीड होत नाही" म्हणजे गेलं. बहुतेक वेळा गेलेलं नसतं, फक्त कुठे ठेवलंय ते सांगणारी नोंद खराब झालेली असते, आणि ती नोंद कशी लिहिलेली असते हे कळलं की बरंच काही हाताने परत जोडता येतं. म्हणून तेच तेच प्रश्न एकदा सविस्तर लिहून काढतोय.

फ्लॉपी सापडली, आता सगळ्यात आधी काय करू?

ड्राइव्हमधे टाकू नका. आधी राइट प्रोटेक्ट करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. साडेतीन इंची फ्लॉपीची कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवली की ती प्रोटेक्ट होते, आणि सव्वापाच इंचीचं उलटं आहे, तिच्या बाजूची खाच चिकटपट्टीने झाकली की प्रोटेक्ट होते. इथे लोकं फार गोंधळतात म्हणून दोनदा बघा.

मग फायली कॉपी करत बसायचं नाही, पूर्ण डिस्कची इमेज काढायची, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा छोटा तुकडा, खाली सांगितलंय) शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं एका फाईलमधे. पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजच्या कॉपीवर. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा, ते न वाचलेल्या सेक्टरांची मॅपफाईल ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्राइव्हवर तिथूनच पुढे सुरू करता येतं. विंडोजवर विनइमेज चालतं. आणि विंडोजने "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" विचारलं तर काहीही झालं तरी नाही म्हणा!

इमेज पूर्ण आली की नाही ते साइजवरून कळतं. ३६० केबीची ३,६८,६४० बाइट, ७२० ची ७,३७,२८०, १.२ एमबीची १२,२८,८०० आणि १.४४ ची १४,७४,५६०. यापेक्षा कमी असेल तर काहीतरी सुटलंय.

डिस्कवर फाईल नेमकी असते कुठे?

हे नीट वाचा, बाकी सगळं यावरच उभं आहे.

डिस्कवर गोल गोल ट्रॅक असतात, प्रत्येक ट्रॅकचे तुकडे म्हणजे सेक्टर, डॉसच्या (विंडोजच्या आधीची पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम) फ्लॉपीवर एक सेक्टर ५१२ बाइटचा. १.४४ च्या फ्लॉपीला दोन बाजू, दर बाजूला ८० ट्रॅक, दर ट्रॅकवर १८ सेक्टर, म्हणजे एकूण २,८८० सेक्टर. ३६० केबीवर ४० ट्रॅक आणि ९ सेक्टर, एकूण ७२०.

डॉस या सेक्टरांना ० पासून सरळ नंबर देतो आणि चार भाग पाडतो. १.४४ च्या फ्लॉपीवर सेक्टर ० म्हणजे बूट सेक्टर, त्यात डिस्कची मापं लिहिलेली असतात. सेक्टर १ ते ९ म्हणजे पहिली फॅट (फाईलचा पुढचा तुकडा कुठे ते सांगणारा तक्ता), १० ते १८ तिचीच दुसरी कॉपी. १९ ते ३२ रूट डिरेक्टरी, म्हणजे फायलींची मुख्य यादी. आणि ३३ पासून पुढे खरा माल, म्हणजे फायलींचा मजकूर. ३६० केबीवर हेच आकडे लहान आहेत: बूट ०, पहिली फॅट १-२, दुसरी ३-४, डिरेक्टरी ५ ते ११, डेटा १२ पासून.

डिरेक्टरीतली एक नोंद ३२ बाइटची. त्यात ८ अक्षरं नावाची, ३ एक्स्टेन्शनची, मग एक बाइट गुणधर्मांचा, शेवटाकडे वेळ, तारीख, फाईल कोणत्या क्लस्टरपासून (एक किंवा जास्त सेक्टरांचा गट) सुरू होते तो नंबर, आणि साइज. १.४४ वर रूटमधे अशा २२४ नोंदी मावतात, ३६० वर ११२. विंडोज ९५ नंतरच्या फ्लॉपीवर लांब नावं असतील तर ती जास्तीच्या नोंदींमधे १३-१३ अक्षरांच्या तुकड्यांत ठेवलेली दिसतील, त्यांचा गुणधर्माचा बाइट ०एफ असतो (असे अक्षरांचे आकडे सोळाच्या, म्हणजे हेक्स पद्धतीचे).

मग फॅट कशाला? डिरेक्टरीत पत्ता आहे ना?

डिरेक्टरीत फक्त पहिल्या क्लस्टरचा पत्ता असतो. पुढचा कुठे ते फॅट सांगते. लहानपणी खजिना शोधायचा खेळ खेळलो ना, एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीची जागा लिहिलेली, अगदी तसं. क्लस्टर २ च्या रकान्यात ३ लिहिलं असेल तर पुढचा तुकडा ३ मधे, तिथे ४ असेल तर ४ मधे, आणि एफएफ८ ते एफएफएफ यातलं काही दिसलं की फाईल संपली. शून्य म्हणजे तो क्लस्टर रिकामा, एफएफ७ म्हणजे खराब.

फ्लॉपीवरची फॅट १२ बिटांची असते, म्हणून दोन रकाने तीन बाइटमधे कोंबलेले असतात. हेक्स एडिटरमधे (फाईलचे बाइट हेक्स आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) ०३ ४० ०० असं दिसलं तर पहिला रकाना ००३ आणि दुसरा ००४. मधल्या बाइटचा उजवा अर्धा भाग पहिल्या रकान्याला जातो, डावा अर्धा दुसऱ्याला. सुरुवातीला डोकं गरगरतं पण कागदावर पाच-सहा रकाने सोडवून बघा, हात बसतो.

क्लस्टरचे नंबर २ पासून सुरू होतात, ० आणि १ डॉसने राखून ठेवलेत. १.४४ वर एक क्लस्टर म्हणजे एकच सेक्टर, म्हणून सेक्टर काढायचा तर क्लस्टरमधून २ वजा करा आणि ३३ मिळवा. ३६० वर एका क्लस्टरमधे दोन सेक्टर, तिथे २ वजा करून दुप्पट करा आणि १२ मिळवा.

डिलीट केलेली फाईल खरंच परत येते का?

येते, त्यानंतर डिस्कवर काही लिहिलं नसेल तर. डॉस डिलीट करताना दोनच गोष्टी करतो, नावाचं पहिलं अक्षर पुसून तिथे ई५ हा बाइट ठेवतो आणि फॅटमधली तिची साखळी शून्य करतो. मजकुराला हातही लावत नाही. सुरुवातीचा क्लस्टर आणि साइज डिरेक्टरीत तशीच राहते.

एक उदाहरण घेऊ. ३६० केबीची फ्लॉपी, डिलीट झालेली फाईल, सुरुवात क्लस्टर ५०, साइज २३,०४० बाइट. क्लस्टर १,०२४ चा, म्हणजे साडेबावीस, म्हणजे २३ क्लस्टर लागले. फाईल सलग असेल तर ती ५० ते ७२ मधे आहे आणि सेक्टर १०८ पासून सुरू होते. आता फॅट बघा. त्या पट्ट्यातले ५८, ५९, ६० दुसऱ्या जिवंत फाईलकडे असतील तर दोन शक्यता. एक, आपली फाईल त्यांना वळसा घालून ७५ पर्यंत गेली होती. दोन, ते तीन नंतर दुसऱ्या फाईलने घेतले आणि आपला तेवढा मजकूर गेला. दोन्ही फायलींच्या तारखा बघा आणि ५७ चा शेवट ६१ च्या सुरुवातीला जुळतो का ते स्वतः वाचून बघा. एमएस-डॉस ५ सोबत, १९९१ पासून, अनडिलीट कमांड आली होती, पण असं कुठलंही ऑटोमॅटिक टूल सलग रिकामे क्लस्टर उचलतं, वाक्य तुटलं की जुळलं ते त्याला कळत नाही. मराठी मजकूर असेल तर ते वाचणारा माणूसच पायजे.

अजून एक. फाईल क्लस्टरच्या अध्येमधे संपली तर क्लस्टरच्या उरलेल्या सेक्टरमधे आधीच्या फाईलचा तुकडा पडलेला असतो. वरच्या उदाहरणात शेवटचे ५१२ बाइट असे आहेत. कवितेचं आधीचं रूप अशा जागी सापडू शकतं, म्हणून हा भाग कधी सोडू नका.

फ्लॉपी फॉरमॅट झालीये. संपलं का?

कोणता फॉरमॅट त्यावर आहे. क्विक फॉरमॅट म्हणजे फॅट आणि रूट डिरेक्टरी साफ, डेटा जागेवर. इथे एक फार कामाची गोष्ट: रूटमधल्या नोंदी गेल्या तरी सबडिरेक्टरी ही स्वतः डेटाच्या भागात ठेवलेली असते, त्यामुळे ती शाबूत राहते. इमेजमधे असे सेक्टर शोधा जे एका टिंबाच्या नोंदीने सुरू होतात आणि पुढच्याच नोंदीत दोन टिंबं आहेत. सापडला की त्या फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची नावं, साइज आणि सुरुवातीचे क्लस्टर एका फटक्यात मिळतात.

पूर्ण फॉरमॅट झाला असेल तर सेक्टरच नव्याने लिहिले जातात आणि सगळीकडे एफ६ भरलेलं दिसतं. एफ६ च एफ६ दिसलं तर त्या भागातून काही मिळणार नाही, उगाच आशा लावत नाही.

आमची फ्लॉपी पूर्वी चालायची, आता रीडच होऊन नाही राहिली, काहून?

आधी ड्राइव्ह बदला. बरेचसे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त १.४४ आणि ७२० वाचतात आणि कमजोर सिग्नलवर लवकर हार मानतात. जुन्या पीसीतला, आतल्या ३४ पिनच्या केबलवरचा ड्राइव्ह तीच फ्लॉपी वाचतो असं होतं. बर्डीतल्या रिपेअरवाल्यांकडे किंवा भंगारात असा ड्राइव्ह दिसला तर घेऊन ठेवा.

सव्वापाच इंचीची वेगळीच भानगड आहे. ३६० चा ड्राइव्ह ४० रुंद ट्रॅक लिहितो आणि १.२ चा ड्राइव्ह ८० अरुंद. ३६० ची फ्लॉपी कोणी १.२ च्या ड्राइव्हवर नंतर लिहिली असेल तर नवा अरुंद पट्टा मधे आणि जुन्या रुंद पट्ट्याची उरलेली किनार बाजूला, आणि मग ३६० चा ड्राइव्ह दोन्ही एकदम ऐकतो आणि गडबडतो. अशी फ्लॉपी १.२ च्या ड्राइव्हवर व्यवस्थित वाचली जाते. म्हणून दोन्हीवर बघा.

आणि साडेतीन इंचीत १.४४ ची फ्लॉपी कोणी ७२० म्हणून फॉरमॅट केलेली असेल तर ड्राइव्ह तिचं दुसरं भोक बघून १.४४ समजतो आणि काहीच वाचत नाही. त्या भोकावर टेप लावा.

एवढं करूनही नाही झालं तर ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं यूएसबी बोर्ड लागतं. ते सेक्टर वाचतच नाही, चुंबकीय बदल किती किती वेळाने आला तेवढं टिपतं, अनेक फेऱ्यांचं, आणि अर्थ नंतर सॉफ्टवेअरने लावायचा. साध्या ड्राइव्हवर सेक्टरची सीआरसी (मजकूर बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) चुकली की कंट्रोलर एरर देऊन मोकळा होतो, पण ५१२ बाइटमधला एखादाच बिट चुकलेला असू शकतो, आणि मजकुरात एक अक्षर चुकलं तर काय बिघडलं, आपण ते वाचून दुरुस्त करू शकतो.

फ्लॉपीवर पांढरे डाग आहेत. वाचवता येईल?

ती बुरशी. तशीच ड्राइव्हमधे घातली तर थर खरवडला जाईल, हेडही घाण होईल आणि त्या हेडने पुढच्या सगळ्या फ्लॉप्या ओरखडतील. आपल्याकडे उन्हाळा कोरडा म्हणून लोकं निर्धास्त असतात, पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की घरात डेझर्ट कूलर चालू, आणि खोलीतली हवा चार महिने ओलसर, लगेच पुढे पावसाळा. कूलरच्या झोतातल्या कपाटातला डबा सगळ्यात आधी तपासा.

सव्वापाच इंचीचं कव्हर एका कडेने कापून आतली चकती अलगद काढायची, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि नवीन फ्लॉपीच्या कव्हरमधे घालून वाचायची. आधी कमी महत्त्वाच्या फ्लॉपीवर हात बसवा. पुसताना तपकिरी रंग कापडाला लागला तर तिथेच थांबा, तो थर म्हणजेच डेटा. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेड साफ करायचं. आणि उन्हात तापलेल्या गाडीत फ्लॉप्या ठेवू नका, कव्हर वाकतं.

हिशेबाची डीबेसची फाईल अर्धीच मिळाली. उपयोग आहे का?

भरपूर! डीबीएफ, म्हणजे डीबेस या डेटाबेस प्रोग्रामची फाईल, ही रिकव्हरी करणाऱ्यासाठी देणगी आहे. डीबेस ३ ची साधी फाईल ०३ बाइटने सुरू होते, पुढचे तीन बाइट शेवटच्या बदलाची तारीख, मग एकूण रेकॉर्ड किती, हेडर किती लांब, आणि एक रेकॉर्ड किती बाइटचं. प्रत्येक रेकॉर्ड सारख्याच लांबीचं. म्हणजे मधला तुकडा जरी मिळाला तरी रेकॉर्डची लांबी मोजून कापत जायचं, नाव नावाच्या रकान्यात आणि रक्कम रकमेच्या रकान्यात येऊन बसते. हेडर गेलं असेल तर त्याच माणसाच्या दुसऱ्या वर्षाच्या फ्लॉपीतलं हेडर लावून बघा, प्रोग्राम तोच असेल तर रकानेही बहुधा तेच असतात. रेकॉर्डच्या पहिल्या बाइटला तारा असेल तर ते रेकॉर्ड डिलीट केलेलं, पण वाचता येतं.

फाईल मिळाली पण मराठीऐवजी किडामिडा दिसून राहिलं!

फाईल बरोबर आहे, वाचायची पद्धत चुकतेय. तेव्हा युनिकोड रुळलेलं नव्हतं. सीडॅकचं जिस्ट कार्ड (पीसीवर भारतीय लिप्या आणणारं) लावलेल्या पीसीवर टाइप केलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या कोडमधे असतो, त्यात देवनागरीची अक्षरं १६१ च्या वरच्या बाइटमधे बसतात आणि खालच्या अर्ध्यात साधी इंग्रजी. याचं युनिकोडमधे रूपांतर सरळ होतं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी वगैरे फॉन्टमधला मजकूर वेगळा, तिथे बाइट म्हणजे अक्षर नाही तर अक्षराचा आकार, मात्रा, अर्धा भाग असं काहीतरी, आणि प्रत्येक फॉन्टचा कोड निराळा, म्हणून कोणता फॉन्ट होता ते जुन्या छापील प्रतीवरून किंवा त्याच फ्लॉपीवरच्या फॉन्ट फायलींवरून ओळखा आणि त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा.

वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या प्रोग्रामबद्दल एक सावधगिरी. वर्डस्टार डॉक्युमेंट मोडमधे शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा वरचा बिट चालू करतो, म्हणून इंग्रजी फाईल विचित्र दिसते आणि नेटवर सल्ला मिळतो की सगळे वरचे बिट काढून टाका. इंग्रजीला ठीक. पण त्याच फाईलमधे इस्कीतली देवनागरी असेल तर त्या सल्ल्याने पूर्ण मराठी मजकूर मातीत जातो. आधी बघा, मग काढा.

फ्लॉप्यांवर फक्त "बॅकअप.००१" आणि "कंट्रोल.००१" अशा फायली आहेत, बाकी काही नाही.

डॉसच्या बॅकअप कमांडचा संच आहे, ३.३ आणि नंतरचा. सगळ्या फायली एकत्र बॅकअपमधे, कोणती कुठे संपते ते कंट्रोलमधे. ००२, ००३ असे पुढचे नंबर शोधा, एक जरी फ्लॉपी हरवली तरी बाकीच्यांतला मजकूर हाताने काढता येतो कारण हा प्रकार कॉम्प्रेस केलेला नसतो. पीकेझिप किंवा एआरजे या कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रामचे तुकडे असतील तर तेवढं सोपं नाही.

व्हायरस होता तर फायली त्याने खाल्ल्या का?

त्या काळचे बरेच व्हायरस बूट सेक्टरवाले. १९८६ चा लाहोरचा ब्रेन ३६० च्या फ्लॉपीवर तीन क्लस्टर खराब म्हणून मार्क करून त्यात लपायचा, त्यामुळे सलग तीन एफएफ७ दिसले की डिस्क खराबच आहे असं समजू नका. स्टोन्ड जास्त वाईट, तो मूळ बूट सेक्टर उचलून सेक्टर ११ वर टाकतो आणि ती ३६० वर रूट डिरेक्टरीची शेवटची जागा. तिथल्या १६ नोंदी गेल्या. पण रूटमधे ९६ पेक्षा कमी फायली असतील तर काहीच नुकसान नाही. १९९० मधे भारतातच सापडलेला जोशी व्हायरस अनेकांना आठवत असेल, ५ जानेवारीला "हॅपी बर्थडे जोशी" टाइप करायला लावायचा.

फ्लॉपी डॉसची नसेलच तर?

शाळेतल्या फ्लॉप्या असतील तर बीबीसी मायक्रो या संगणकाच्या असू शकतात, १९८४ नंतर क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पात देशभरातल्या शाळांत ते मशीन गेलं होतं. तिथे फॅटच नाही. पहिल्या ट्रॅकच्या पहिल्या दोन सेक्टरांत यादी, जास्तीत जास्त ३१ फायली, नाव ७ अक्षरांचं, सेक्टर २५६ बाइटचा, आणि प्रत्येक फाईल सलगच. मग रिकव्हरी सोपी, फक्त ती जुन्या सिंगल डेन्सिटीत (कमी दाट लिहिण्याची पद्धत) लिहिलेली असते आणि अनेक पीसींचे कंट्रोलर ती वाचत नाहीत.

सीपीएम या डॉसच्या आधीच्या सिस्टिममधे डिरेक्टरीच्या नोंदीतच ब्लॉकचे नंबर लिहिलेले असतात. डिलीट केलं की पहिल्या बाइटमधे ई५, पण ब्लॉकचे नंबर जागेवर, म्हणजे डॉसपेक्षा बरं. साइज मात्र १२८ बाइटच्या पटीत, मजकुराचा खरा शेवट १ए बाइटवरून ओळखायचा. मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्या साध्या पीसी ड्राइव्ह-कंट्रोलरवर वाचता येत नाहीत, वर सांगितलेलं बोर्डच लागेल.

चेकडिस्क, स्कॅनडिस्क चालवून बघू का?

मूळ डिस्कवर अजिबात नाही. ते फॅट "दुरुस्त" करतात म्हणजे तुटलेल्या साखळ्या कापून फाईल०००० सारख्या नावांनी रूटमधे ठेवतात, आणि आपल्याला जोडायला लागणारा पुरावाच पुसला जातो. इमेजच्या कॉपीवर हवं तितकं चालवा. त्याआधी दोन्ही फॅट एकमेकींशी ताडून बघा, पहिलीचा सेक्टर गेला असेल तर दुसरीचा उचलून बसवता येतो, कित्येकदा तेवढ्यावरच काम होतं.

फायली मिळाल्या, आता फ्लॉपी फेकू?

नका फेकू. इमेज, डीडीरेस्क्यूची मॅपफाईल आणि फ्लॉपीवरच्या लेबलचा फोटो एकाच फोल्डरमधे ठेवा, दोन वेगळ्या जागी. लेबलवर पेनाने लिहिलेली तारीख आणि नाव डिस्कच्या आत कुठेच नसतं, आणि "लेजर २" नावाच्या फाईली सगळ्यांकडेच असतात. जे सेक्टर आज वाचले गेले नाहीत ते दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हवर वाचले जाऊ शकतात, तेव्हा मूळ फ्लॉपी लागेल. कोरड्या कागदी पाकिटात, उभी, स्पीकर आणि कूलरपासून दूर.